बडीशेपेची डबी

अक्का, सगळं नीट पार पडलं. तुला आधी हेच ऐकायचं असणार, म्हणून हेच आधी सांगते. पुण्यानुमोदनाला भंतेजी वेळेवर आले. बुंदी पुरली, वरण थोडं उरलं, ते शेजारी वाटलं. तुझ्या शाळेतून आणलेल्या सतरंज्या झटकून, घड्या घालून परत पोचवल्या. मागून आणलेले पेले धुऊन ज्याचे त्याला दिले. एक पेला कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, तो ओट्यावर पालथा घातलाय. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर रेघ मारून झाली. शेवटची रेघ मारली की काहीतरी वाटेल अशी माझी समजूत होती. काही वाटलं नाही. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि ती जागेवर ठेवली.

बायका म्हणतात सुमन खंबीर आहे. त्यांना मी काही सांगत बसले नाही. हात भाजला की पहिल्यांदा काही कळत नाही ना, तसं आहे हे. कळेल तेव्हा कळेल. वसतिगृहातून रजा घेतली आहे ती संपेपर्यंत तुझ्या घरातली कामं उरकायची, एवढंच डोक्यात आहे.

यादी करायला तूच शिकवलंस. माय मजुरीला गेली की तू चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर लिहायचीस: पाणी, सरपण, सुमीची वेणी. मला अक्षरं कळत नव्हती तेव्हा शब्दाशेजारी घागर काढायचीस, वेणी काढायचीस. काम झालं की मी थुंकी लावून ते पुसायचं. मी वाचायला लागले ती त्या भिंतीवर. पुढे तू वाटूरच्या शाळेत बाई झालीस, मी परतूरच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षक झाले. लोक माझ्या टापटिपीचं कौतुक करतात तेव्हा ती कोणाची आहे हे मी कधी सांगितलं नाही. तुलाही नाही. तुला ते माहीतच असणार असं धरून चालले.

आता मुद्द्याचं. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

दोन वर्षांपूर्वी वर्गात तुझ्या छातीत दुखलं आणि दाजींनी सायकलचं दुकान उघडं टाकून तुला जीपमधून जालन्याला नेलं, तेव्हापासूनचं ते भांडण. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात चरबी वाढली आहे, कोलेस्टेरॉल म्हणतात ते. तूप बंद, मटण बंद, अंड्यातलं पिवळं बंद, तेल करडईचं आणि तेही मोजकं. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ते पातळ ठेवायची गोळी दिली. ती गोळी नाजूक आहे, कमी पडली तर गुठळी आणि जास्त झाली तर रक्तस्राव, म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो ते अधूनमधून येऊन तपासून जायचं, हेही सांगितलं. मी हे सगळं तिथेच लिहून घेतलं आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं. तू ते पाळलंस. जयंतीला पातेलंभर मटण शिजवून सगळ्यांना वाढायचीस आणि स्वतः कोरड्या पिठल्याशी भाकरी खायचीस. तेवढं मन माझ्याकडून मारलं गेलं नसतं.

पण तुला नुसतं सोडून चालत नव्हतं. काहीतरी धरायलाही हवं होतं. कुठल्याशा मासिकात तू वाचलंस की लसणानं रक्तातली चरबी उतरते. झालं. सकाळी अनशापोटी कच्च्या लसणाच्या पाकळ्या. मग जालन्याला मोंढ्याजवळच्या एका दुकानात तुला लसणाच्या तेलाच्या गोळ्या सापडल्या. मोत्याएवढ्या, पिवळट, आतलं तेल दिसणाऱ्या. पाकळ्या बंद करून गोळ्या घेशील असं मला वाटलं होतं. तू दोन्ही घेत राहिलीस आणि वर ताटात लसणाची चटणी.

मी बाटली उलटीपालटी करून पाहिली. संपूर्ण नैसर्गिक, असं मोठ्या अक्षरात होतं. एका गोळीत किती तेल, कोणी घेऊ नये, दुसरं औषध चालू असेल तर काय करायचं, यातलं काही नव्हतं. मी तसं म्हणाले. "अक्का, यात किती लसूण आहे ते कुठं लिहिलंय?"

तू भाकरी उलटत म्हणालीस, "लसणात किती लसूण हाये ते कोन लिहितं गं?"

दाजी पोट धरून हसले. मलाही हसू आलं आणि तिथे माझा मुद्दा पडला. पुन्हा एकदा काढला तेव्हा तू दुष्काळ मध्ये आणलास. दुष्काळात सरकारनं दिलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, तिच्यानं काही झालं नाही, मग लसणानं काय होणार. गुग्गुळाचं मात्र माझं ऐकलंस. वैद्याच्या गुग्गुळाच्या गोळ्यांनी तुझं पोट बिघडलं, अंगावर पुरळ उठलं, तेव्हा मी ती पुडी उचलून नेली आणि तू ओरडली नाहीस. ती बाधली ते दिसलं. लसूण दिसत नव्हता. लसूण म्हणजे घरातला माणूस. त्याच्यावर कोण संशय घेणार.

माझं म्हणणं फार मोठं नव्हतं. लसूण सोड असं मी कधी म्हणाले नाही. डॉक्टरांना सांग, एवढंच म्हणत होते. तू म्हणायचीस, "त्यानं औषधाचं इचारलं. म्या सांगितलं, तुमच्याबिगर कोनाचं औषध न्हाई. आता आपल्या चटणीभाकरीचं त्याला काय सांगत बसू?"

दवाखान्यात जायच्या दिवशी मी वाटूर फाट्यावर तुझी वाट बघायचे. मी परतूरहून यायचे, तू घरून चालत. लांबून तू दिसायचीस ते अजून दिसतं. शिकेकाईनं धुतलेले केस, पांढरं पातळ, तांब्यात विस्तव घालून त्याला केलेली इस्त्री, हातात घडी घातलेला रुमाल. जालन्याला उतरलो की दवाखान्याच्या पायरीशी थांबून तू पिशवीतून पितळी डबी काढायचीस. चिमूटभर बडीशेप माझ्या हातावर, चिमूटभर तुझ्या तोंडात. डबी माझ्या पिशवीत टाकायचीस आणि मग आत. आजारी बाई दवाखान्यात चालली आहे असं कोणी म्हटलं नसतं. शाळा तपासायला चालली आहे असंच वाटायचं. एकदा छाती तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, बाई, तुमच्यासारखे नीटनेटके पेशंट आले की बरं वाटतं. ते वाक्य तू जालन्यापासून वाटूरपर्यंत बसमध्ये पुन्हा पुन्हा काढलंस. मी कंटाळले होते. तुला मात्र किती बरं वाटलं होतं.

ते का, हे मला माहीत होतं. मी मायच्या कडेवर होते तेव्हाची गोष्ट तू एकदाच सांगितलीस. मला ताप भरला होता. माय मला घेऊन दवाखान्यात गेली, औषधाची रिकामी बाटली घेऊन तू मागे. कंपाउंडरनं मायला पायरीवरच थांबवलं, नाकाला रुमाल लावला आणि औषध वरून ओतलं. निम्मं बाटलीत, निम्मं तुझ्या हातावर. वास येतो, असं तो मायला नाही, आतल्या माणसाला म्हणाला. तू सांगताना रडली नाहीस, चिडलीही नाहीस. बटाटे सोलत होतीस, ते सोलत राहिलीस. म्हणून तुझ्या बडीशेपेला मी कधी हसले नाही. तिथे हसायचं काही नव्हतं.

यंदाच्या जयंतीला मिरवणुकीत तुझा घोळणा फुटला. पांढऱ्या पातळावर रक्त उतरलं. बायकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर पाणी थापलं. उन्हाळ्यात आपल्याकडे कोणाचा घोळणा फुटत नाही? पण तुझ्या दंडावर एक काळानिळा डागही होता. तू म्हणालीस हापशाचा दांडा लागला. दात घासताना रक्त येतं म्हणालीस, ते राखुंडीवर ढकललंस. मी पुन्हा विषय काढला. डॉक्टरांना हे सांग, लसणाचंही सांग. तू म्हणालीस, "सांगीन की. इचारू तर दे त्याला." मी काही बोलणार तेवढ्यात परतूरची बस आली. मी चढले. तू खिडकीतून मला चटणीचा डबा दिलास. आपलं शेवटचं बोलणं ते. डबा अजून माझ्याकडे आहे, धुऊन ठेवलाय.

वैशाखातल्या त्या सकाळी तू डोकं ठणकतंय म्हणून चुलीपुढे बसलीस आणि तिथेच कलंडलीस. जालन्यात त्यांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव. मी पोचले तेव्हा तुझा रुमाल दाजींच्या मुठीत होता. पुढचं तुला सांगायची गरज नाही.

पुण्यानुमोदनानंतर मी तुझं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. पाहुणे गेले होते. दाजी चहा प्यायले, उठले, फळीवरची तुझी लसणाची बाटली काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. रोजचंच असल्यासारखं. मी विचारलं, हे कधीपासून.

"ती गेल्यापासून घेऊन राह्यलो," ते म्हणाले. "भरलेली बाटली हाये. तिची वस्तू. फेकू का?"

मी म्हणाले, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन व्हायचंय, अशा वेळी डॉक्टरांना न विचारता काही घेऊ नये. अंतर्गळाचा पट्टा बांधून ते किती दिवस सायकली उचलतायत ते तुला ठाऊक आहे. तुझ्यामुळे तारीख पुढे गेली, एवढंच.

ते म्हणाले, "लसनाला काय इचारायचं? अन् दवाखान्याच्या आधी बंदच करायचं असतं ना. ती बी बंद करायची."

मी भांडं खाली ठेवलं. म्हणजे काय, असं विचारलं.

मग त्यांनी सांगितलं, सहज. त्यांना वाटत होतं मला माहीत आहे. जालन्याला जायचं ठरलं की आधीच्या आठवड्यापासून तू पाकळ्या बंद, गोळ्या बंद, चटणी बंद करायचीस. गोळीनंही ढेकर येतोच म्हणायचीस. "त्या मानसाच्या तोंडापुढं श्वास सोडा लागतो, तवा लसनाचा भपकारा नको म्हनायची. तपासून आली की मंग त्याच सांजेला पुन्हा सुरू. राहिलेलं भरून काढायची."

अक्का, मी अधीक्षक आहे. आवक-जावक जुळवणं हे माझं रोजचं काम. हे जुळायला मला वेळ लागला नाही. डॉक्टर तुझं रक्त तपासायचे ते लसूण उतरलेलं रक्त. त्या रक्ताच्या मापानं ते रक्त पातळ ठेवायची गोळी ठरवायचे. मग तू घरी यायचीस, आणि त्या गोळीच्या जोडीला लसूण, पाकळ्यांनी, गोळ्यांनी, चटणीनं. लसणानंही रक्त पातळ होतं हे माझ्या कानावर होतं. खात्रीचं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मंग बरंच की, दुप्पट फायदा.

तू कोणाला फसवलं नाहीस. तू फक्त स्वच्छ होऊन गेलीस.

दाजींना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की उद्या जालन्याला जायचं, ऑपरेशनच्या आधी छाती आणि रक्तदाब दाखवायचाच आहे. बाटली सोबत घ्यायची आणि डॉक्टरांना सांगायचं. ते म्हणाले बाटली नेतो, पण तिला कोणी नावं ठेवलेली ऐकून घेणार नाही. मी म्हणाले, मीही नाही.

काल सकाळी त्यांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, आणि हात आपोआप फळीकडे गेला. गोळी घेतली. मग माझ्याकडे बघून ओशाळले. आजच्या दिवस राहू द्यायला पाहिजे होती, म्हणाले, आता जाऊ कसा, वास येईल. परवा जाऊ.

मी म्हणाले, "दाजी, असंच चला."

बसमध्ये ते तोंड मिटून बसले होते. वाटूरचा कोणी ओळखीचा भेटला तर मानेनंच हो-नाही करत होते. दवाखान्याच्या पायरीशी ते थांबले. तू नेहमी थांबायचीस तिथेच. त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, पण थांबले, आणि माझ्यापुढे हात पसरला. डबी माझ्या पिशवीत आहे हे तू त्यांना सांगितलं असशील. डबी होती. तुझ्या शेवटच्या तपासणीपासून तिथेच आहे, मी काढलेली नाही. मी पिशवीचं तोंड आवळून धरलं आणि म्हणाले, आत चला. ते माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी त्यांना पायरीवर उभं करून नाकाला रुमाल लावला असावा. मला ते बघवलं नाही, पण मी हात काढला नाही.

आत डॉक्टरांनी तुझ्याबद्दल दोन शब्द विचारले. मग दाजींच्या पाठीला नळी लावली. म्हणाले, मोठा श्वास घ्या. सोडा.

दाजींनी सोडला.

डॉक्टरांनी नळी कानातून काढली आणि विचारलं, "लसूण खाता का रोज?"

बस, एवढंच. नाक मुरडलं नाही, मागे सरकले नाहीत. ताप आहे का विचारावं तसं विचारलं. मी बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, मी वाचली होती तशीच उलटीपालटी करून. मग दाजींना समजावलं की ऑपरेशनच्या आधी हे पूर्ण बंद करायचं, कधीपासून ते मी लिहून देतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही कळवतो, कारण यानं रक्त थांबायला वेळ लागू शकतो. दाजी मान हलवत राहिले. त्यांनी वाद घातला नाही. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. ते खुर्चीची कड हातानं धरून बसले होते.

मी दाजींना बाहेर बसवलं, परत आत गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. तुझ्या पाकळ्या, गोळ्या, चटणी, आणि इथे येण्याआधी ते बंद करणं. का बंद करायचीस तेही. कंपाउंडरची गोष्टही सांगितली. ती मी कधी कोणाला सांगितली नव्हती, आणि सामानाची यादी वाचावी तशी सांगितली. ते ऐकून घेत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग म्हणाले की नक्की सांगता येणार नाही. नुसत्या त्यांच्या गोळीनंही असं होऊ शकतं, वाढलेल्या रक्तदाबानंही होतं. लसणाचं असूही शकतं, नसूही शकतं, पक्कं म्हणायला पुरेसं कोणाला माहीत नाही. "लसूण सोडा असं कदाचित मी म्हणालोही नसतो," ते म्हणाले. "रोज सारखा खा, मोजका खा, आणि खात असतानाच तपासायला या, असं म्हणालो असतो. मी औषधाचं विचारलं होतं. खाण्याचं विचारलं नाही."

मी त्यांना म्हणाले, तिनं वाट बघितली तुमच्या विचारण्याची. हे टोचायला म्हणाले नाही. नोंद असावी म्हणून म्हणाले.

मला कोणाला दोषी धरता येत नाही, अक्का. तुला नाही, त्यांना नाही. तो कंपाउंडर कधीच मरून गेला असेल, आणि त्याला आठवायलाही आपण कोण होतो. रागासाठी जागा करून ठेवली आहे, पण तिथे बसायला कोणी येत नाही. फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इतका सोपा होता तो प्रश्न. एक श्वास, आणि त्यांनी विचारला. तुझा श्वासही त्यांनी तितक्याच जवळून ऐकला होता, कितीतरी वेळा, आणि त्याला बडीशेपेचा वास येत होता.

तुझं ऐकून गल्लीतली केवळबाईही त्याच गोळ्या घेते. तिच्या घरी आज सकाळी जाऊन आले. फेकून दे म्हणाले नाही, घाबरवलं नाही. डॉक्टरकडे जाशील तेव्हा बाटली पदराखाली ठेवू नकोस, टेबलावर ठेव, आणि घेतेस तशी घेत असतानाच जा, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या तोंडाचा वास घिऊन जायचं व्हय बाई?" मी म्हणाले, हो, घेऊनच जायचं.

काल परतीच्या बसमध्ये दाजींना खिडकीजवळची जागा मिळाली. अर्ध्या वाटेत त्यांनी खिडकीची काच सरकवली. मग बाहेर बघतच म्हणाले, "त्यो डॉक्टर काई बोलला न्हाई वासाला."

मी म्हणाले, नाही बोलला.

"तिला सांगायला पाहिजे हुतं."

"हो," मी म्हणाले.

वाटूर फाटा जवळ आल्यावर त्यांनी पुन्हा हात पुढे केला. आता दवाखाना मागे राहिला होता. मी पिशवीतून तुझी डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, नखानं उचकटावं लागलं. चिमूटभर त्यांच्या हातावर ठेवली, चिमूटभर माझ्या तोंडात टाकली, आणि आम्ही दोघं फाटा येईपर्यंत ती चावत बसलो.